गुडघ्याला भार लागतो

पन्नाशी ओलांडलेल्या चारचौघांत गुडघ्यांचा विषय निघाला की तीन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘वाटी झिजलीय.’ ‘ग्रीस संपलंय.’ ‘डॉक्टर म्हणाले, गॅप कमी झालाय.’ पाठोपाठ घरच्यांचा सल्ला येतो: आता जिने चढू नका, फार चालू नका, गुडघे जपा. म्हणजे जे काही उरलंय ते पुरवून पुरवून वापरा.

सल्ला मायेपोटीच दिलेला असतो. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सांध्यांवर जे संशोधन झालं, ते नेमकं त्याच्या उलट बोलतंय. सांध्यातला गुळगुळीत थर वापरला की संपणारा, निर्जीव असा नसतो. तो जिवंत असतो आणि जिवंत राहायला त्याला भार लागतो. मात्र कसला भार, किती आणि कोणाला, याची उत्तरं सरसकट नाहीत. बहुतेक घोळ तिथेच होतो.

या दुखण्याची व्याप्ती प्रचंड आहे. लोक ज्याला सांध्यांची झीज म्हणतात त्याचं वैद्यकीय नाव ऑस्टिओआर्थ्रायटिस. २०२० साली जगभरात सुमारे ५९.५ कोटी लोकांना तो होता. १९९०च्या तुलनेत हा आकडा दुपटीहून जास्त. हा शहरी, बैठ्या लोकांचा आजार आहे अशी समजूत असेल तर आपल्या भिगवणचं उदाहरण बघा. पुणे जिल्ह्यातल्या या गावात १९९६मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने घरोघर जाऊन पाहणी केली. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना हाडं, सांधे किंवा स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. आमवात होता जेमतेम अर्धा टक्का लोकांना. ऑस्टिओआर्थ्रायटिस त्याच्या कितीतरी पट. आणि गावातले बहुतेक लोक कष्टाची कामं करणारे. मग व्यायामाने सांधे वाचतात हे म्हणणं खरं कसं? या प्रश्नाकडे पुढे येतोच.

## ‘गॅप कमी झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

सांध्यात जिथे दोन हाडांची टोकं समोरासमोर येतात, तिथे त्यांच्यावर पांढरट, चकचकीत, काही मिलिमीटर जाडीचा थर असतो. ही कूर्चा. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, फक्त तिच्या जागी दोन हाडांमध्ये काळी फट दिसते. ती फट अरुंद झाली की डॉक्टर म्हणतात, गॅप कमी झाला.

कूर्चेचा बहुतांश भाग पाणी असतो. उरलेल्यात कोलॅजनच्या तंतूंचं घट्ट विणलेलं जाळं आणि त्या जाळ्यात अडकलेले, पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. या सगळ्याची देखभाल करणाऱ्या पेशी एकूण आकारमानाच्या जेमतेम काही टक्के. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि संवेदना नेणाऱ्या नसाही नाहीत. म्हणजे कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, आजूबाजूचे स्नायू आणि बंध.

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये कूर्चा पातळ आणि खरबरीत होते, तिच्याखालचं हाड टणक होतं, कडेला हाडाचे कोंब फुटतात, अस्तराला अधूनमधून सूज येते आणि मांडीचे स्नायू अशक्त होतात. थोडक्यात, आख्खा सांधा आजारी पडतो. आमवात वेगळा, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. त्याची औषधं वेगळी, डॉक्टरही वेगळे. इथे बोलतोय ते फक्त पहिल्याबद्दल, आणि मुख्यतः गुडघ्याबद्दल.

## रक्त पोचत नाही, तर कूर्चा जगते कशावर?

सांध्याच्या पोकळीत थोडासा चिकट द्रव असतो. लोक ज्याला ग्रीस म्हणतात तो हाच. पण त्याचं काम फक्त वंगणाचं नाही. कूर्चेच्या पेशींना प्राणवायू आणि साखर मुख्यतः याच द्रवातून मिळते आणि त्यांचा कचराही त्यातूनच बाहेर जातो.

गावातला हापसा आठवा. खाली पाणी आहे, घागर लावलेली आहे. पण दांडा वरखाली केल्याशिवाय थेंबही येत नाही. कूर्चेचं बरंचसं तसंच आहे. पाऊल टेकलं की तिच्यावर दाब येतो आणि आतला द्रव थोडा बाहेर पडतो. पाऊल उचललं की दाब सुटतो आणि ताजा द्रव आत शोषला जातो. दाब, सोड, दाब, सोड. आणि दांडा नुसता खाली दाबून धरला तरीही पाणी येत नाही, हेही ध्यानात असू द्या. तासन्‌तास एका जागी उभं राहणं किंवा उकिडवं बसणं म्हणजे दांडा दाबून धरणं.

भार पूर्ण काढून घेतला तर काय होतं, याचं उत्तर दुर्दैवाने माणसांवरच मिळालं आहे. मणक्याला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या रुग्णांचे गुडघे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी एमआरआयने मोजले. या गुडघ्यांना ना पळणं होतं, ना जिने. ‘झीज’ व्हायचं काही कारणच नव्हतं. तरी वर्षभरात कूर्चेची जाडी वेगवेगळ्या ठिकाणी ९ ते १३ टक्क्यांनी कमी झाली होती.

उलट बाजूचा पुरावा स्वीडनमधला. गुडघ्यातली फाटलेली गादी (मेनिस्कस) काढून टाकलेल्या ४५ जणांना एवा रूस आणि लाइफ डालबर्ग यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. अशा लोकांना पुढे ऑस्टिओआर्थ्रायटिस होण्याचा धोका बराच जास्त असतो. एका गटाने चार महिने देखरेखीखाली मध्यम व्यायाम केला, दुसऱ्याने नाही. २००५मध्ये निष्कर्ष आले: व्यायाम केलेल्यांच्या कूर्चेत पाणी धरून ठेवणाऱ्या रेणूंचं प्रमाण सुधारलं होतं. अभ्यास लहान होता, पण प्रौढ माणसाची कूर्चा व्यायामाला प्रतिसाद देते हे त्यातून दिसलं.

## पेशींना भार कळतो कसा?

नुसता खाऊपिऊ घालण्यापुरता हा मामला नाही. कूर्चेच्या पेशींवर केसासारखा एकेक सूक्ष्म तंतू असतो आणि तो दाब ओळखण्याच्या कामी येतो. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये प्रयोगशाळेत कूर्चेवर चालण्यासारखा भार दिल्यावर पेशींत एक प्रथिन कामाला लागलं आणि सूज भडकवणाऱ्या रेणूंमुळे होणारं कूर्चेचं नुकसान रोखलं गेलं. हा प्रयोगशाळेतला निकाल आहे, माणसाच्या गुडघ्यातला नव्हे. पण डेन्मार्कमध्ये ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या बायकांच्या गुडघ्यात बारीक नळी घालून व्यायामानंतरचा द्रव तपासला गेला, तेव्हा त्यातही सूज शमवणारा इंटरल्यूकिन-१० हा रेणू वाढलेला आढळला होता.

म्हणजे बेताचा भार हा पेशींसाठी एक निरोपही असतो.

## मग झिजलेली कूर्चा व्यायामाने परत भरते का?

नाही. इथे मात्र हात आखडता घ्यायला हवा.

१९५०-६०च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेत एक विशिष्ट प्रकारचा कार्बन वाढला आणि तेव्हा जगत असलेल्या प्रत्येकाच्या शरीरात थोडाथोडा मुरला. कोणती पेशीजालं कधी बनली हे त्या खुणेवरून ओळखता येतं. डॅनिश संशोधकांनी २०१६मध्ये याच युक्तीने कूर्चा तपासली आणि दिसलं असं की कोलॅजनचं जाळं वाढीच्या वयात एकदा विणलं जातं. मोठेपणी ते जवळपास बदललंच जात नाही. पाणी धरणारे रेणू नव्याने बनतात, जाळं नाही. त्यामुळे ‘वाटी पुन्हा भरते’ असं सांगून तेल, पावडर, पट्टे विकणाऱ्यांच्या जाहिराती बिनदिक्कत पुढे ढकला. व्यायाम जे आहे ते टिकवायला मदत करतो, सूज आणि दुखणं कमी करतो. गेलेलं परत आणत नाही.

## सांध्याचा खरा राखणदार मांडीत असतो

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या गटाने काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यात भार मोजणारी यंत्रणा ठेवली होती. रुग्ण चालला, बसला, जिना चढला की आतून आकडे थेट बाहेर येत. दोन पायांवर उभं राहिलं की एका गुडघ्यावर साधारण शरीराच्या वजनाएवढा भार. सपाट चालताना अडीच पटीहून जास्त. जिना चढताना तीन पटीहून थोडा वर आणि उतरताना जवळपास साडेतीन पट. म्हणजे ६० किलोचा माणूस दादरचा पूल उतरतो तेव्हा प्रत्येक पायरीला गुडघ्यावर क्षणभर दोनशे किलोंच्या वर भार येतो. चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त का बोलतात, त्याचं एक कारण हे.

हा धक्का झेलतं कोण? मुख्यतः मांडीचा पुढचा स्नायू. उतरताना तो ताणला जात जात पायाला सावकाश खाली सोडतो. तो अशक्त असेल तर पाऊल आदळतं आणि धक्का सांध्यात जातो. २०१५मध्ये बऱ्याच अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा मांडीचा हा स्नायू अशक्त असणाऱ्यांत पुढे गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस होण्याची शक्यता सुमारे १.६५ पट निघाली. आणि गंमत अशी की गुडघा दुखला की आपण तो वापरणं बंद करतो, काही आठवड्यांत मांडी बारीक होते आणि गुडघा आणखी दुखतो. ‘जपण्याचा’ सल्ला या चक्रात तेलच ओततो.

## ‘पळणाऱ्यांचे गुडघे लवकर जातात’ याचं काय?

ठाणे, सातारा, मुंबई, जिकडे तिकडे मॅरेथॉनचं वेड पसरल्यापासून हा प्रश्न घरोघर विचारला जातो. २०१७मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. हौशी धावकांपैकी ३.५ टक्क्यांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस होता, न पळणाऱ्या बैठ्या लोकांपैकी १०.२ टक्क्यांना आणि स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांपैकी १३.३ टक्क्यांना. म्हणजे हौसेने पळणारे सगळ्यांत बरे, आणि दोन्ही टोकं वाईट.

यात एक मेख आहे. ज्यांचे गुडघे दुखतात ते पळणं आपोआप सोडतात, त्यामुळे पळणाऱ्यांत मुळातच धडधाकट लोक उरतात. शिवाय पळणारे सडसडीत असतात. म्हणून ‘पळा आणि गुडघे वाचवा’ असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. पण ‘हौसेने पळाल्यानेही गुडघे जातात’ या म्हणण्याला त्यांत आधार मिळत नाही. खरा घात करते ती दुखापत. गुडघ्यातला मोठा बंध तुटला किंवा गादी फाटली, तर दहा-वीस वर्षांनी अशा लोकांपैकी साधारण निम्म्यांच्या गुडघ्यात ऑस्टिओआर्थ्रायटिस दिसतो. कबड्डीत गुडघा पिरगळून घेतलेल्या मुलाला ‘दोन दिवस हळद लाव, होईल बरा’ म्हणून परत मैदानात उतरवणं म्हणूनच महागात पडतं.

## ‘आम्ही जन्मभर राबलो, तो व्यायाम नव्हता का?’

भिगवणच्या आकड्यांमागचा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. खुरपणी करताना बाई तासन्‌तास उकिडवी बसते, बसल्याबसल्या पुढे सरकते. भातलावणीत दिवसभर चिखलात वाकून. ऊसतोडीत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, एकदा नाही, दिवसभर. यात भार आहे, पण त्याला सोड नाही. गुडघा पूर्ण दुमडलेल्या अवस्थेत अडकलेला असतो, वर ओझं असतं, आणि दुखलं म्हणून थांबायची मुभा नसते. अंगावर काम असतं तेव्हा स्नायू थकल्यावरही पाय ओढावाच लागतो. थकलेला स्नायू धक्का झेलत नाही.

बीजिंगमध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत वयस्कर लोकांना विचारलं होतं की पंचविशीत तुम्ही रोज किती वेळ उकिडवे बसायचा. सुमारे ४० टक्के पुरुष आणि ६८ टक्के बायकांनी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ सांगितला. आणि तरुणपणी जे जास्त वेळ तसे बसत, त्यांच्यात उतारवयात गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस जास्त आढळला. हे शेतकरणीला सांगून उपयोग काय, असं कोणी म्हणेल, आणि काही अंशी खरंही आहे. काम तर करावंच लागणार. पण उभ्याने चालवायचं लांब दांड्याचं खुरपं, अधूनमधून उठून चार पावलं टाकणं, ओझ्याच्या दोन खेपा करणं, हे जमण्यासारखं आहे. जेवायला पंधरा मिनिटं मांडी घालून बसणं आणि तीन तास उकिडवं बसून निंदणं यांना मात्र एका मापाने मोजू नका.

## एक्स-रे खराब आला. आता व्यायाम करून काय मिळणार?

एक्स-रे आणि दुखणं यांची जोडी नेहमी जुळत नाही. फट पार अरुंद झालेली माणसं मजेत चालतात, आणि जेमतेम बदल असलेली लंगडतात. कूर्चेला नसाच नाहीत, हे आठवलं तर यात नवल वाटणार नाही.

डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर एक नेटकी चाचणी झाली, निकाल २०१५मध्ये आले. सगळ्यांचा गुडघा बदलण्याच्या पातळीला पोचलेला. निम्म्यांचं ऑपरेशन करून नंतर व्यायाम, आहार, शिक्षण. निम्म्यांना ऑपरेशन न करता तेच सगळं. ऑपरेशनवाल्यांना जास्त आराम पडला, हे सरळ मान्य करायला हवं. गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त झाल्या. पण दुसऱ्या गटातही सुधारणा झाली, आणि त्यातल्या फक्त २६ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावंसं वाटलं.

व्यायामाचा सरासरी गुण मोठा नाही. २०२४मध्ये कॉक्रेन या संस्थेने १३९ चाचण्या, बारा हजारांहून जास्त रुग्ण एकत्र पाहिले. दुखण्याच्या शंभर गुणांच्या मापावर व्यायामाने सरासरी ९ ते १३ गुणांचा फरक पडला. तो रुग्णाला जाणवेल इतका आहे का, याबद्दल खुद्द आढावा घेणारेच साशंक आहेत. माझं मत असं: पॅरासिटॅमॉलचा फरक याहून बराच कमी भरतो, बाकीच्या वेदनाशामक गोळ्या पोटावर आणि मूत्रपिंडावर भारी पडू शकतात, आणि व्यायामाने गुडघ्याबरोबर रक्तातली साखर, रक्तदाब आणि झोपही सुधारते. तेव्हा ९ गुणही वाईट सौदा नाही. फक्त चमत्काराची अपेक्षा ठेवून दोन आठवड्यांत सोडून देऊ नये.

## दुखतंय तर करायचं कसं?

सुरुवात खुर्चीपासून करा. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली घट्ट खुर्ची घ्या. प्लास्टिकची घसरणारी नको. पुढच्या कडेला सरका, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे ओढा, छाती पुढे झुकवा आणि हाताचा आधार न घेता उभे राहा. मग बसा, पण धपकन नाही. मनात चार आकडे मोजत, सावकाश. उतरतानाचा हा संथ भागच महत्त्वाचा; मांडीवर हात ठेवलात तर स्नायू घट्ट झालेला लागेल. दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा दहा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा, किंवा टेबलाला हात लावा. सोपं झालं की उशी काढा. आठवड्यातून दोन-तीन दिवस हे आणि बाकीच्या दिवशी सपाट रस्त्यावर चालणं. डेन्मार्कमध्ये २०१३पासून चालू असलेल्या ‘ग्लॅड’ या कार्यक्रमात सहा आठवड्यांत बारा वेळा असंच, देखरेखीखाली करून घेतात.

व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं. दहापैकी पाचाच्या वर जाऊ देऊ नका. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीएवढंच असलं पाहिजे. वाढलेलं असेल किंवा गुडघा सुजला असेल तर पुढच्या वेळी आकडा कमी करा. बंद करू नका.

वजन जास्त असेल तर तेही हाताशी धरा. एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की किलोभर वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम या गावातल्या प्रसिद्ध पाहणीत दहा वर्षांत साधारण पाच किलो कमी केलेल्या बायकांमध्ये त्रासदायक ऑस्टिओआर्थ्रायटिसची शक्यता निम्म्याहून कमी झाली होती.

गुडघा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, पडल्यावर पाय टेकवेना, गुडघा मध्येच अडकून बसला, किंवा पडल्यापडल्या रात्रभर ठणकतोय, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

आणि ऑपरेशन ठरलेलंच असेल तर? २०१७मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून गुडघा बदलणं पूर्वीपेक्षा आवाक्यात आलं आहे आणि गरज असेल तिथे ते उत्तम ऑपरेशन आहे. पण तारीख मिळेपर्यंतचे आठवडे पलंगावर काढू नका. नवा गुडघा धातूचा असला तरी त्याला उचलणारी मांडी जुनीच असते, आणि ऑपरेशनच्या आधी ती जितकी भक्कम, तितकं वर्षभराने जिना चढणं-उतरणं सोपं जातं, असं अभ्यासांत दिसलं आहे. फिजिओथेरपिस्टची पहिली भेट ऑपरेशनच्या आधी घ्या.